बोगद्याच्या पलीकडे

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट मी वाचला होता. पण तो होता दुसऱ्या दिवसापासूनचा. एक रात्र हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, सिस्सू गावी राहून सकाळी मनालीला परत, असा सरळ हिशेब केला आणि निघालो.

मनालीहून तिकडे नेणारा अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा. 2020 च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. त्याआधी 3,978 मीटरवरची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल कित्येक महिने तुटलेलंच. आम्ही आत शिरलो तेव्हा रिमझिम पाऊस होता, बाहेर पडलो तेव्हा बर्फाची भुरभुर. सिस्सूला पोचेतो चंद्रा नदीचा पलीकडचा काठही दिसेना.

त्या रात्री वाटलं होतं तेवढी थंडी नव्हती. ढगांचं पांघरूण असतं ना. आणि इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतो.

पहाटे वारा सुटला.

खरं वादळ म्हणजे वारा, हे तेव्हा कळलं. पडलेला बर्फ तो पुन्हा उचलून आडवा फेकत होता. दाराच्या एका बाजूला जमीन उघडी, दुसऱ्या बाजूला कंबरेएवढा ढीग. अंगणापलीकडची गाडी दिसत नव्हती. घरमालकीणबाई, त्यांना सगळे अम्मा म्हणायचे, दर दोन-तीन तासांनी मुलाला छतावर पिटाळायच्या. सपाट धाब्याचं घर, बर्फ वेळीच ओढून काढला नाही तर ओझं होतं. मीही एकदा फावडं घेतलं. दहा मिनिटांत धाप लागली. मग गुपचूप तंदूरपाशी जाऊन बसलो (इथे लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात).

आमचे ड्रायव्हरदादा फोनला रेंज आली की भाऊबंदांची खबर घ्यायचे. काश्मीरात काझीगुंडला ट्रक अडकलेत, शिमल्याकडे नारकंड्याचा रस्ता बंद, पंजाबात पाऊस. एकच पश्चिमी झंझावात: भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून आलेला, हिमालयाला धडकून वर चढला की बर्फ, खाली मैदानात पाऊस.

तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार. मला वाटलं, सुटलो! पण उघड्या आभाळाची ती रात्र सगळ्यांत वाईट. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं, आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा थर. दादांनी टायरांना साखळ्या बांधल्या तरी बोगद्यापर्यंत मी दाराची कडी सोडली नाही.

निघताना अम्मांना म्हटलं, "बरं झालं, थांबलं एकदाचं."

त्या हसल्या नाहीत. "कसलं बरं, बेटा? उन्हाळ्यात वाटाण्याला, बटाट्याला पाणी याच बर्फाचं. एवढ्याने काय होतंय?" आणि डोळ्यांवर हात धरून दरीच्या वरच्या टोकाकडे ढग शोधू लागल्या.