सुट्टी मिळेल का

फाल्गुन शुद्ध दशमी, रात्री उशिरा

आज संध्याकाळी माझ्या डिझाइन स्टुडिओतली धाकटी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "ताई, तेरसेपासून चार दिवस सुट्टी मिळेल का? शिमग्याची पालखी यायची आहे घरी." मी गप्प राहिले. फार वेळ गप्प राहिले असेही नाही. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडावा, तेवढाच वेळ गेला असेल. मग मी म्हणाले, "जा की. पण कोल्हापूरच्या छापखान्याला फायली गेल्याशिवाय निघू नकोस." ती "हो ताई" म्हणून जागेवर गेली, पुन्हा वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नसेल जमत तर दोनच दिवस जाईन." मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मला आता आठवत नाही, आणि तिला तरी कळले असेल का, या विचाराने रात्रीचे साडेअकरा वाजले तरी झोप येत नाही.

सुट्टी मी दिली. तरीही सुट्टी नाकारल्यासारखे मला का वाटते आहे, ते लिहून पाहावे म्हणून वही उघडली.

त्या एका श्वासात मी काय करत होते, ते मला स्वच्छ ठाऊक आहे. मी दिवस मोजत होते. पाडव्याला २० दिवस उरले आहेत. पाडव्याच्या मुहूर्ताला तीन बागायतदारांना नवी खोकी हवी आहेत. दोघांची आर्टवर्क मंजूर झाली आहेत आणि तिसऱ्यांना खोक्यावर ‘रत्नागिरी’ हा शब्द ‘हापूस’पेक्षा मोठा हवा आहे, कारण ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गावाचे नाव हीच मालाची ओळख आहे असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. प्रूफ, प्लेट, छपाई, लॅमिनेशन, पंचिंग आणि मग आंबा घाटातून ट्रक खाली उतरणे, असे सगळे धरले तर हाताशी जेमतेम चार दिवस मोकळे राहतात. नेमके तेच चार दिवस तिने मागितले होते. म्हणजे ती माझ्यासमोर उभी असताना मी तिच्याकडे पाहत होते आणि मला दिसत होते ते तिचे चार दिवस. तिचे सारवलेले अंगण, ओटीचे तबक, सहाणेवरून निघालेली पालखी आणि ढोलाचा आवाज जवळ येऊ लागला की घरातल्या बायकांची उडणारी धांदल, यांतले काहीही त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आले नाही. वास्तविक हे सगळे मी तिच्याइतकेच जाणते.

या गप्प राहण्याचा मला राग का यावा, याचेही कारण आहे. मुंबईला एका एजन्सीत नोकरीला असताना मी शिमग्याची रजा मागितली होती, तेव्हा आमचे साहेबही असेच गप्प राहिले होते आणि मग "जा, पण..." म्हणाले होते. त्या ‘पण’च्या पुढे काय होते ते आज मला आठवत नाही. रात्रीच्या गाडीत दारापाशी बॅगेवर बसून मी चिपळूण येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, एवढे मात्र पक्के आठवते. रजा मिळाली होती, तरी आपण काहीतरी चोरून नेत आहोत असे वाटत होते. पालखी दारात आली आणि बाबांनी गाऱ्हाणे घालायला सांगितले, तेव्हाही माझे निम्मे लक्ष तिकडेच होते. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. लोकांना मी आईच्या गुडघ्यांचे कारण सांगितले, ते खोटे नव्हते. पण तो ‘पण’ त्याच्या आधीचा होता.

त्यानंतरची सात वर्षे मी फ्रीलान्स काम केले आणि कोणाला काहीही विचारले नाही. मागच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि खिडकीबाहेर फणस, एवढ्यावर काम चालले. ग्राहक १० टक्के टीडीएस कापून पैसे पाठवीत. वर्षाअखेरीस जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून आयकराच्या कलम ४४एडीएखाली विवरणपत्र भरले की हिशेब संपत असे. काम कमी असले तर मी कमी खात असे, आणि त्याची झळ दुसऱ्या कोणाला लागत नसे. (आईला लागत असावी. तिने कधी बोलून दाखवले नाही.) शिमग्याला मी चार काय, आठ दिवस गावी राहत असे. मात्र लॅपटॉप माजघरात उघडा असे, आणि एका वर्षी पालखी अंगणात असताना मी पडवीच्या मागे जाऊन पुण्याच्या एका ग्राहकाला निळ्या रंगाची दुसरी छटा समजावून सांगत होते. त्या आठवणीपाशी आज थांबायचे नाही.

दसऱ्याला पाटीपूजन करून या दोन खोल्या घेतल्या तेव्हा मला वाटले होते की बदलणार आहे तो कामाचा आकार. लेबलांबरोबर खोकी घेता येतील, कोकम सरबत आणि आंबापोळी करणाऱ्या बचतगटांची कामे घेता येतील, रात्री दोन वाजता प्रूफ वाचताना शेजारी आणखी एक डोळ्यांची जोडी असेल. हे सगळे झाले. जानेवारीत कोकम सरबताच्या लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १३ आकडी पडला होता. तो १४ आकडी असावा लागतो. माझ्या नजरेतून दोनदा सुटलेली ती चूक धाकटीने बोट ठेवून मोजताना पकडली. नाहीतर २,००० लेबले रद्दीत गेली असती. तेव्हापासून ती प्रत्येक लेबलावरचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि हिरव्या चौकटीतला हिरवा गोल, हे सगळे शाळेतल्या मुलीसारखे ओठ हलवत तपासते. तिला सुट्टी देताना माझा श्वास अडकला, त्यात या भीतीचाही वाटा आहे. पण ही भीती माझी आहे. तिने ती सोबत घेऊन एसटीत बसावे, असे मला का वाटावे?

रात्री जेवण झाल्यावर दुकाने व आस्थापनांसाठीचा राज्याचा २०१७ चा कायदा काढून वाचला. एरवी मी तो कशाला वाचला असता? त्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार कोणत्या, ते मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याच्या आधी आपसांत ठरवायचे असते. मात्र हा कायदा झाला तेव्हाच त्यात अशी तरतूद होती की १० पेक्षा कमी कामगार असतील तर आस्थापनेने नुसती सूचना द्यावी, बाकीची कलमे तिला लागू होत नाहीत. आम्ही तिघे आहोत. सूचना मी ऑक्टोबरमध्येच दिली आहे, पावती भिंतीवर लावली आहे. म्हणजे त्या चार सणांविषयी मला कोणीही जाब विचारणार नाही. हे वाचून सुटल्यासारखे वाटायला हवे होते; उलट ते ‘वर्ष सुरू होण्याच्या आधी’ हे शब्द मनातून जाईनात. जानेवारीत आम्ही तिघांनी एकत्र बसून नवी दिनदर्शिका टांगली होती. त्या दिवशी मी त्यांना आंब्याच्या हंगामाच्या तारखा लिहून दिल्या. शिमगा कधी आहे, कोणाच्या गावचा तेरसेचा आणि कोणाचा पौर्णिमेचा, हे मी विचारले नाही. कोकणात राहून, फाल्गुनात काम मांडून मी हे विचारले नाही.

आता थोडे माझ्याविषयी लिहिते, कारण ते दिवसभर घशाशी आले आहे. सात तारखेला दोघांचे पगार झाले आणि माझ्या नावावर काही उरले नाही, सलग दुसऱ्या महिन्यात. पुण्याच्या कंपनीकडे मागच्या दिवाळीचे बिल अडकले आहे. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवून ठेवता येत नाहीत, उद्यम नोंदणीही माझ्याकडे आहे. तरीही ते पत्र मी चार वेळा लिहून चारही वेळा पुसले, कारण पुढचे कामही त्यांच्याकडूनच यायचे आहे. बागायतदारांना तर तसे पत्र लिहिण्याचे मनातही येत नाही. वाशीच्या बाजारातून दलालाची विक्रीच्या हिशेबाची पट्टी आल्याशिवाय त्यांच्याच हातात पैसा नसतो.  संध्याकाळी सगळे गेल्यावर दिवे मालवताना वाटले, मला कोण सुट्टी देणार आहे? मी कोणापुढे ओढणीचे टोक गुंडाळत उभी राहू? हे वाटले, आणि डोळ्यांत पाणीही आले.

पण लिहिता लिहिता ते ओसरले आहे. मोजणे चुकीचे नव्हते. या दोन खोल्यांत कोणीतरी दिवस मोजलेच पाहिजेत, आणि ते काम धाकटीचे नाही, माझे आहे. साहेबही त्या वेळी मोजतच असतील. आज पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा रागाशिवाय आठवला. तेव्हा त्यांच्या टेबलावरही कुठलीतरी तारीख असेल, कुठलातरी छापखाना वाट पाहत असेल. माझे मोजणे तिच्या तोंडावर झाले, एवढे मला सलते. जे पौषात करायचे ते मी फाल्गुनात, ती समोर उभी असताना केले, आणि त्याचे ओझे ‘दोनच दिवस जाईन’ म्हणून तिने उचलले. तिची ती दोन दिवसांची तडजोड मला परत करायची आहे.

त्यासाठी आता बसून पुन्हा हिशेब मांडला. ‘रत्नागिरी’ मोठे करायचे काम मी स्वतः उद्या सकाळी करीन, मग त्यांची फाईल द्वादशीला जाऊ शकेल. कोकमचे काम पाडव्यानंतरही चालेल, त्यांना घाई नाही. घाई माझीच होती. धाकटीला उद्या आल्याबरोबर सांगायचे की चारही दिवस जा, आणि फोन घेऊन बसू नकोस. हे सांगताना मध्ये श्वास घ्यायचा नाही.

आणखी एक आहे. दुपारी आईचा फोन आला होता. "आपल्याकडे पालखी यंदा सप्तमीला. तू येशील ना गो?" मी म्हणाले, "बघते." तिथेही मी मोजतच होते, आणि आई गप्प राहून म्हणाली, "बघ हो, नाहीतर ओटी मी भरीन." धाकटीने विचारले त्याच्या चार तास आधीची ही गोष्ट, आणि दिवसभरात मला ती एकदाही आठवली नाही. गुडघे वाकत नसताना ती अंगणात कशी उतरणार, हेही नाही.

आईला आता उठवता येणार नाही. एका कोऱ्या कागदावर ‘फाल्गुन वद्य सप्तमी – स्टुडिओ बंद’ असे लिहून ठेवले आहे. अक्षर नेहमीसारखे वळणदार काढत बसले नाही. खण आणि नारळ मी इथूनच घेऊन जाईन, असे तिला सकाळी सांगायचे आहे.

झोपण्यापूर्वी आंबापोळीच्या लेबलाचे प्रूफ काढून पाहिले, कारण पुढचे चार दिवस हे काम मलाच करायचे आहे. परवाना क्रमांकावर बोट ठेवून, ओठ हलवत मोजले. १४ भरले. पुन्हा एकदा शेवटाकडून मोजले, तेव्हाही १४ भरले.