तपकिरी रेघ

बुधवार, रात्र

आज दुपारी पाहिलेली एक स्लाइड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. स्तनातून सुईने काढलेल्या बारीक तुकड्याची ती बायोप्सी होती. गाठ म्हणावे असे तिथे काही नव्हतेच. लहान, एकसारख्या दिसणाऱ्या पेशी तंतुमय ऊतीतून एकामागे एक ओळीने निघालेल्या होत्या आणि एका निरोगी दुग्धनलिकेभोवती त्यांनी रिंगण धरले होते. लोब्युलर या प्रकारच्या स्तनकॅन्सरची ही खूण विद्यार्थिदशेपासून पाठ आहे. तरीही खात्रीसाठी ई-कॅडहेरिनचे, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचे, स्टेनिंग मागवले होते (ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो), आणि त्याची स्लाइडही आजच हाती आली. मधल्या निरोगी नलिकेत प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ इतकी ठसठशीत उमटली होती की, मधाच्या पोळ्याची आठवण व्हावी. भोवतीच्या ओळींत मात्र त्या रेघेचा मागमूस नव्हता. निळी केंद्रके तेवढी दिसत होती, सुटी सुटी.

विद्यार्थ्यांना शिकवताना मी वर्षानुवर्षे ई-कॅडहेरिनला पेशींचा गोंद म्हणत आले. गोंद सुटला की पेशी विखुरतात, इतके सांगितले की मुलांना पटते आणि तास पुढे सरकतो. पण ही उपमा अपुरी आहे, आणि आज ती मला चुकीचीही वाटली. या प्रथिनाचे पाच भाग पेशीबाहेर असतात आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले तरच ते ताठ राहून शेजारच्या पेशीवरच्या आपल्या जोडीदाराला धरू शकतात; जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना या प्रथिनांचा माग लागला तोही कॅल्शियमच्या या गरजेमुळेच. पेशीच्या आत असलेल्या शेपटाला बीटा-कॅटेनिन आणि पी-१२० ही प्रथिने बिलगलेली असतात. त्यांतले पहिले आल्फा-कॅटेनिनमार्फत पेशीला आतून आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या तंतूंशी नाते जोडते. दुसरे ई-कॅडहेरिनला पेशीच्या पटलावर टिकवून धरते. म्हणजे शेजाऱ्याला धरल्याची वर्दी त्याच क्षणी आत पोहोचलेली असते. धरणे आणि कळवणे ही इथे दोन कामे नाहीतच.

लोब्युलर कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा सोळाव्या गुणसूत्रावरच्या सीडीएच-१ या जनुकाची एक प्रत बिघडते, दुसरी गळून जाते आणि ई-कॅडहेरिन तयार होणेच थांबते. आधार गेलेले बीटा-कॅटेनिन सहसा नष्ट होते. पी-१२० मात्र मागे उरते आणि पटल सोडून पेशीद्रवात पसरते. हे विस्थापित प्रथिन ऱ्हो (Rho) या पेशीतल्या संकेतमार्गाला चालना देते आणि आधार सुटलेल्या पेशीला जगायला मदत करते. निरोगी अस्तरातली पेशी एकटी पडली की स्वतःहून मरते, कारण शेजाऱ्याकडून आणि पायापटलाकडून, म्हणजे अस्तर ज्यावर उभे असते त्या पातळ थराकडून, येणारा 'जग' हा निरोप बंद झालेला असतो. आजच्या स्लाइडवरच्या पेशी एकट्या असूनही जिवंत होत्या. त्यांची ओळ पाहताना मला त्यांच्या भटकण्यापेक्षा या तगून राहण्याचीच धास्ती अधिक वाटली.

पायापटलाशी बोलणे इंटेग्रिन या पेशीपटलावरच्या प्रथिनांमार्फत चालते. १९९७ साली स्तनकॅन्सरच्या संशोधक मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेतून आलेले काम मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. त्रिमितीय जेलमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरपेशींमधले बीटा-१ इंटेग्रिन प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा त्यांचे वेडेवाकडे पुंजके पुन्हा निरोगी ग्रंथीसारखे गोल आणि रेखीव झाले. जनुकांतले बिघाड जसेच्या तसे होते. बदलली होती ती फक्त बाहेरून येणाऱ्या निरोपाची वाट. हे वाचून मला पहिल्यांदा वाटले ते आश्चर्य आजही तितकेच ताजे आहे.

आणि तरी ई-कॅडहेरिनला सरळसरळ रक्षक म्हणून मोकळे होता येत नाही. डक्टल या स्तनकॅन्सरच्या दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या कितीतरी रुग्णांच्या काखेतल्या लसीकाग्रंथींत पसरलेल्या पेशींवर मी तीच तपकिरी रेघ शाबूत पाहिली आहे. २०१९ साली संशोधक अँड्र्यू एवाल्ड यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, अशा कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिन काढून टाकले तर पेशी आजूबाजूला अधिक घुसतात, पण वाटेत मोठ्या संख्येने मरतात आणि दूरच्या अवयवांत कमी रुजतात. एका कॅन्सरला जे प्रथिन गमावून साधते, ते दुसऱ्याला राखून साधते. गोंदाच्या उपमेत हे बसवायला जागाच नाही.

आजच्याच ट्रेमध्ये दुसऱ्या एका रुग्णाची हर-२ या प्रथिनाच्या स्टेनिंगची स्लाइड होती. तिथेही प्रत्येक पेशीभोवती जाड, अखंड तपकिरी रेघ होती. पण ही रेघ वाढीचे निरोप घेणाऱ्या रिसेप्टरची, आणि ती पटलावर बेसुमार दाटल्याची. सुमारे १५ ते २० टक्के स्तनकॅन्सरमध्ये असे दिसते. १९९८ मध्ये हर-२ वर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध आले नसते, तर ही रेघ पाहून हात जड झाला असता. आज मी तीन अधिक (३+), म्हणजे ठाम होकार, असा शेरा लिहिला तेव्हा या बाईंसाठी नेमके औषध आहे याचे समाधान वाटले, आणि त्याच टेबलावरच्या पहिल्या स्लाइडसाठी, नाहीशा झालेल्या रेघेची जागा भरून काढणारे तसे काही माझ्याकडे नाही याचे दुःखही.

त्या पहिल्या बाईंची मॅमोग्राफी जवळजवळ निर्दोष होती. एकमेकींना न धरणाऱ्या पेशी टणक गोळा करत नाहीत, म्हणून त्या हाताला आणि क्ष-किरणांना सहज चकवतात. रिपोर्टमध्ये निदानाखाली मी मुद्दाम एक ओळ वाढवली की, प्रत्यक्ष व्याप्ती प्रतिमेत दिसते त्यापेक्षा मोठी असू शकते, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआयचा विचार व्हावा. पी-१२० चे स्टेनिंगही सांगून ठेवले आहे. ती स्लाइड उद्या सकाळी येईल. ती पाहूनच सही करीन.