भीड कुणाची चेपते

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान एसटी स्टँडच्या मागे होतं. पहिल्या खेपेला ते आम्हाला बंद करता आलं नाही. त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. दुकानाबाहेरची बाकडी सरकत सरकत शाळेच्या वळणापर्यंत आली. आधी बाई दिसली की मान खाली घालणारे आता नावानं हाका मारू लागले. 'बघितलंत ना, काही होत नाही,' असं एकानं मला तोंडावर सांगितलं. भीड चेपते ती अशी.

आडव्या बाटलीचा नियम अनेकींना अर्धाच माहीत असतो. २००८च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळून गुप्त मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात, आणि हे निम्मं झालेल्या मतदानाचं नाही, अख्ख्या यादीचं. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, नाव काढायचं राहून गेलेली मयत आजी, सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात.

आमच्या यादीत ११४० बायका. २८५ सह्या हव्या होत्या, आम्ही ३३० दिल्या. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीसोबत कागद फिरला, तेव्हा कुणीच मागे राहिलं नाही. पण पडताळणीला प्रत्येकीनं स्वतः ग्रामपंचायतीत येऊन 'सही माझीच' असं सांगायचं होतं. समोरच्या पारावर पंधरा-वीस पुरुष येऊन बसले. शिवी नाही, अडवणूक नाही. एकाच्या हातात मोबाईल, येणाऱ्या बाईचा फोटो काढायला. बाई कोपऱ्यापर्यंत यायची, पाराकडे बघायची, पदर सारखा करायची आणि पिठाच्या गिरणीकडे वळायची. हातात दळणाचा डबा नसतानाही. संध्याकाळपर्यंत २०६ झाल्या. निवेदन बारगळलं.

तालुक्याहून आलेले पाहुणे म्हणाले, बायकांमध्ये जागृती कमी पडते. मला ते अजिबात पटलं नाही. मार खाणाऱ्या बाईला दारू वाईट हे शिकवावं लागत नाही. शेजारीण येईल की नाही, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. कागदावर ३३० जणी होत्या, पण त्या कोपऱ्यावर प्रत्येक जण एकटी होती.

दुसऱ्या खेपेला आम्ही एवढंच बदललं. एकटीनं जायचं नाही, गटानंच जायचं, आणि गटातली एक जण कमी असेल तर तिच्या दारात थांबायचं. आमच्या गल्लीतून सगळ्यात पुढे आक्का निघाल्या. वय सत्तरीचं, थोरला मुलगा दारूनंच गेलेला. पारासमोर त्या थांबल्या, काठी जमिनीवर टेकवली आणि मोबाईलवाल्याला म्हणाल्या, 'काढ फोटू. तुझ्या आईला दाखव.' त्यानं मोबाईल खिशात घातला. त्यांच्या मागे आम्ही चोवीस जणी होतो. दुपारी तीनपर्यंत ३०० पार झाले, आणि पारावर चार-पाच माणसं उरली.

मतदानाच्या दिवशी आडवीला ६४१ मतं पडली. पडद्याआड शिक्का मारून बाहेर आलेल्या काही जणींना तर आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सही करायची त्यांना सोयच नव्हती, पण मत त्यांचं होतं.

पुढे २०२१मध्ये चंद्रपूरची दारूबंदी उठली. तिथल्या बायका २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या, २०१५मध्ये बंदी लागू झाली होती. इतक्या वर्षांची त्यांची पायपीट, आणि सरकारनं ती एका निर्णयात पुसली, याचा मला आजही राग येतो. चंद्रपूर आमच्यापासून किती लांब! पण बातमी आली आणि आठवड्याभरात स्टँडमागच्या बंद शटरसमोर एक बाकडं येऊन पडलं. वर पुन्हा तेच बोलणं, तिकडं उठली, आता इथं पण उठणार.

आक्का तेव्हा नव्हत्या. त्यांच्या सुनेनं गटाची वही आणि शिक्क्याचं पॅड पिशवीत घातलं आणि सगळ्यांना निरोप धाडला. त्या शनिवारची बैठक आम्ही त्याच बाकड्यावर घेतली. पुढच्या शनिवारचीही.