अँग्झायटी, गोळी आणि मनगटावरच्या सुया

सुया टोचून अँग्झायटी कमी होते का, असं आता मला नात्यातल्या, ऑफिसातल्या आणि ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनीसुद्धा विचारून झालंय. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मला उतार पडला. डॉक्टरांची गोळी चालू ठेवून पडला. पण ज्या कारणासाठी लोक अ‍ॅक्युपंक्चरवर, म्हणजे सुया टोचायच्या या चिनी उपचारावर, विश्वास ठेवतात, म्हणजे 'पाच हजार वर्षांची जशीच्या तशी चालत आलेली विद्या', ते कारण मला पटत नाही. मला विश्वास वाटतो तो वेगळ्याच गोष्टीमुळे. त्याकडे येतेच.

मी सोलापुरात चादरींच्या एका कारखान्याचे हिशेब बघते. मार्चअखेरची धावपळ, रिटर्नच्या तारखा, अडकलेली बिलं हे सगळं अंगवळणी पडलेलं. तरी एका उन्हाळ्यात रात्री अडीच-तीनला खाडकन जाग यायला लागली. छाती धडधडतेय, तळहात ओले, घशात आवंढा अडकलेला, आणि काहीतरी वाईट होणार याची पक्की खात्री. काय होणार, ते मात्र कधीच कळायचं नाही. दिवसा जमलेला ताळेबंद मी परत परत तपासायची. सासूबाई म्हणायच्या, "देवाचं नाव घे आणि पड गं." मायेनंच म्हणायच्या, पण जीव खालीवर व्हायचा थांबायचा नाही.

ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं. सगळं व्यवस्थित. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी सुरू केली आणि परिणाम जाणवायला काही आठवडे जातील हेही सांगून ठेवलं. गोळीनं ते रात्रीचे झटके आटोक्यात आले, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पण शरीर काही सैल होईना. खांदे कानाला लागलेले, दातावर दात, झोप उथळ. याबद्दल बोलले आणि अ‍ॅक्युपंक्चरचं विचारलं तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "करून बघायला हरकत नाही, फक्त गोळी मनानं बंद करायची नाही."

पहिल्या दिवशी अ‍ॅक्युपंक्चरच्या मॅडमनी सुईला हातच लावला नाही. प्रश्नच विचारत राहिल्या. झोप लागायला वेळ लागतो की मध्येच मोडते? स्वप्नं पडतात का? पाय गार पडतात का? तहान लागते तेव्हा पाणी कोमट हवंसं वाटतं की गार? पाळी कशी येते, पोट साफ होतं का, जेवणानंतर झापड येते का? मग जीभ बाहेर काढायला लावली. तिच्या कडांवर दातांचे वळ उमटले होते, ते मला आरशात दाखवले. मग नाडी. मनगटावर तीन बोटं ओळीनं ठेवली, आधी हलकी, मग दाबून, एका हाताची आणि मग दुसऱ्या हाताची. चिनी वैद्यकात दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतात आणि प्रत्येक जागा शरीरातल्या वेगवेगळ्या अवयवाशी जोडलेली मानतात. 'अँग्झायटी' असा एकच रोग त्यांच्याकडे नाही. मन हृदयात वस्ती करतं, आणि हृदयाचं पोषण कमी पडलं की ते रात्री घरात ठरत नाही, असं ते मांडतात. किंवा यकृताचा ओघ तुंबला की चिडचिड, उसासे, छातीत कोंडल्यासारखं होणं. म्हणजे मला आणि माझ्या मैत्रिणीला आपण एकाच नावाचा त्रास म्हणत असू, तरी तिथे दोघींच्या सुया वेगळ्या जागी पडतील.

हे शरीरशास्त्र आजच्या अर्थानं खरं नाही, हे मला माहीत आहे. तरीही इतक्या बारकाईनं माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. इतके महिने 'घाबरं होतं' एवढंच सांगत होते. त्या तासाभरात माझ्या त्रासाचे तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याबद्दल काहीतरी बोलता आलं.

आता सुयांबद्दल, कारण भीती त्याचीच असते. इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड असते. ही भरीव असते आणि पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. सीलबंद पाकिटातून काढतात, प्लास्टिकच्या बारीक नळीतून जागेवर उभी करतात आणि वरून टिचकी मारतात. टिचकी कळते, टोचणं बहुतेक वेळा कळत नाही. माझ्यासाठी नेहमीच्या जागा म्हणजे दोन भुवयांच्या मध्ये, टाळूवर, पावलावर अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटामधल्या खाचेत, मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घडीपासून थोडी वर. करंगळीकडची जागा 'शनमन', दुसरी 'नेइग्वान'. नेइग्वान शोधायची तर घडीपासून दोन 'त्सुन' वर जायचं, आणि हा त्सुन म्हणजे ज्याचा हात त्याच्याच अंगठ्याची रुंदी. मॅडम माझा अंगठा माझ्याच हाताला लावून बघतात. आयुर्वेदातही मर्मांची मापं रोग्याच्या स्वतःच्या बोटांनीच घेतात, म्हणून मला ही पद्धत लगेच आपली वाटली.

नेइग्वानची सुई त्या जराशी फिरवतात आणि विचारतात, "आलं का ताई?" येतं. दुखणं म्हणता येणार नाही असं काहीतरी जड, बधिर, हातातून सरकत थेट मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जातं. चिनी शास्त्राप्रमाणे तिथून जाणारी वाहिनी, म्हणजे जीवनशक्ती वाहते असं ते मानतात ती रेघ, मधल्या बोटातच संपते. आणि आधुनिक शरीररचनेत बघितलं तर हाताच्या दोन कंडरांच्या मधली ही जागा बरोबर मीडियन नर्व्हच्या वर येते, जी अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला संवेदना देते. ज्यांनी ती रेघ काढली त्यांना नर्व्ह ठाऊक नव्हती, पण रुग्णाला काय जाणवतं ते त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं. याचं मला फार अप्रूप वाटतं. नेइग्वानचा सगळ्यात जास्त तपासून बघितलेला उपयोग अँग्झायटीसाठी नाहीच, ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी कमी करण्यासाठी आहे.

मग अर्धा तास नुसतं पडून राहायचं. हलायचं नाही, फोन नाही. थंडीत मॅडम पोटरीजवळ मॉक्सा धरतात. मॉक्सा म्हणजे एका झुडपाची वाळवलेली पानं कुटून केलेली कांडी, ती पेटवून कातडीपासून दूर धरून शेक देतात. ते झुडूप आपल्या दवण्याच्या कुळातलं, आर्टेमिसिया. चैत्रात जोतिबाला वाहतो त्या दवण्याचं हे चिनी भावंड आहे हे कळल्यापासून तो धूर मला परका वाटत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन याच कुळातल्या आणखी एका झुडपातून निघालं. त्याबद्दल चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ साली नोबेल मिळालं, आणि वाट त्यांना चौथ्या शतकातल्या गं होंग या चिनी वैद्याच्या जुन्या नुस्ख्यात सापडली होती. त्यात पाला उकळायचा नव्हता, पाण्यात भिजवून पिळायचा होता. जुन्या ग्रंथातली एक ओळ घेऊन ती प्रयोगशाळेत कसाला लावली, म्हणून औषध हाती आलं.

अ‍ॅक्युपंक्चरबद्दल मला हेच म्हणायचंय. ही विद्या जशीच्या तशी चालत आलेली नाही. चीनमधल्या चांग्शा शहराजवळ मावांगद्वी इथे इसवी सन पूर्व १६८ मधलं एक थडगं १९७३ साली उघडलं गेलं. त्यातल्या रेशमावरच्या लेखांमध्ये शरीरातल्या वाहिन्या आहेत, पण अकराच, आणि त्यांवर उपाय म्हणून शेक आहे. सुई नाही. पुढे 'हुआंगदी नेइजिंग' या हान राजघराण्याच्या काळातल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वाहिन्या बारा होतात आणि नऊ प्रकारच्या सुया येतात. त्यातल्या काही तर आपण चाकू म्हणू अशा, गळू फोडायला आणि रक्त काढायला. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी यानं बिंदूंची, म्हणजे सुई टोचायच्या जागांची, पद्धतशीर मांडणी केली. १०२७ साली वांग वेइयी यानं बादशहासाठी माणसाच्या उंचीचे ब्राँझचे पुतळे ओतवले, अंगभर बिंदूंची भोकं असलेले. परीक्षेत म्हणे पुतळ्यावर मेण चढवायचे, आत पाणी भरायचे, आणि विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तरच पाणी बाहेर यायचं. वाचताना मला त्या पोरांची छातीतली धडधड ऐकू आली.

आणि मग १८२२ साली दाओग्वांग बादशहानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि शेक दोन्ही काढून टाकले. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे देशी वैद्यकच मोडीत काढायचा प्रस्ताव आला. वैद्य शांघायमध्ये जमले, निदर्शनं झाली, प्रस्ताव मागे पडला. त्याच सुमारास चंग दानआन नावाच्या वैद्यानं, ज्यानं पाश्चात्त्य वैद्यकही शिकलं होतं, बिंदूंचे नकाशे शरीररचनेशी ताडून पाहिले, रक्तवाहिन्यांवर पडणाऱ्या जागा बाजूला सरकवल्या आणि बारीक सुयांचा आग्रह धरला. माझ्या मनगटात जाते ती सुई, ज्या जागी जाते ती जागा, दोन्हींवर त्या माणसाचा हात फिरलेला आहे. १९५६ पासून सरकारी महाविद्यालयं निघाली आणि विखुरलेल्या घराण्यांची विद्या पाठ्यपुस्तकात बसवली गेली. ज्या शास्त्राला बंदी सोसावी लागली, ज्याला नव्या ज्ञानासमोर आपले नकाशे बदलावे लागले, त्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

सोलापूरकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. त्यांच्या घराचं इथे स्मारक झालंय. ते चीनमधून अ‍ॅक्युपंक्चर शिकले असं खूपजण समजतात. तसं नाही. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शल्यचिकित्सक. आघाडीच्या मागे जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. सुया भारतात आणल्या त्या त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाअखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कलकत्त्यात उपचार सुरू केले. आज लुधियान्यात अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय कोटणीसांच्या नावानं चालतं. मला याचा अभिमान वाटतो, आणि खरा क्रम ठाऊक असला तर तो आणखी वाटतो.

पुरावा काय, असं माझा इंजिनिअर भाऊ विचारतो आणि बरोबर विचारतो. पाठदुखीवर जर्मनीत झालेली एक मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ११६२ रुग्ण. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्क्यांना, बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना आराम पडला. म्हणजे सुयांचा फायदा मोठा, पण नेमक्या जागेचा वाटा लहान. अँग्झायटीवरच्या चाचण्या बहुतेक छोट्या आहेत, एकसारख्या नाहीत, आणि त्यांच्या जोरावर कुणी 'बरं करतो' म्हणू नये. माझ्यापुरतं सांगायचं तर खांदे खाली आले, जबडा सुटला, झोप सलग झाली. त्यात सुईचा वाटा किती, शांत पडून राहण्याचा किती, मॅडमच्या विचारपुशीचा किती आणि गोळीचा किती, हे मी वेगळं काढायला जात नाही. चौघांनाही मान देते.

मला चीड येते ती गोळ्या सोडायला लावणाऱ्यांची. एका ठिकाणी मी आधी चौकशीला गेले होते. तिथल्या गृहस्थांनी, "आमच्याकडे आलात की त्या विषारी गोळ्या बंद," असं सांगितलं. मी उठून आले. या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असा त्रास होतो, आणि मूळ दुखणं उसळून येऊ शकतं. आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्रानंही २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. तेव्हा जाल तिथे नोंदणी विचारा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघते का बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, भोवळ येते. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं, म्हणून हात शिकलेलाच हवा. आणि जगणं नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर सुयांची वाट बघायची नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतूनही बोलता येतं.

माझी भाची पुण्यात आयटीत आहे. तिचंही रात्रीचं तेच चाललंय, आणि तिनं फोनवर विचारलं, "मावशी, डॉक्टर-बिक्टर नको, डायरेक्ट सुयाच घेऊ का?" मी तिला पुढच्या आठवड्यात इकडे बोलावलंय. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ बुधवारी सकाळची घेतलीय. ते काय म्हणतात ते ऐकून मग मॅडमना फोन करू.