अडगळ

रविवार, 24 ऑगस्ट 2025

चवथ तीन दिवसांवर आली आहे. माळ्यावरची माटोळीची चौकट (आमच्या गोव्यात गणपतीच्या वर फळे टांगतात ती) काल खाली उतरली, समया चिंचेने घासून झाल्या, आणि घर झाडता झाडता निखिलने माझा संगणकही झाडून टाकला. यात त्याचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. यंत्र जुने आहे, त्यावर विंडोज 11 चढत नाही, आणि विंडोज 10 ला 14 ऑक्टोबरनंतर सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळणार नाहीत. म्हणून नवीन यंत्र घ्यायचे आणि त्याआधी जुन्यातला पसारा आवरायचा, हे आमचे जूनमध्येच ठरले होते. तरीही दुपारी चहाचा कप घेऊन समोर बसले, तेव्हा घशाशी काहीतरी अडकल्यासारखे झाले.

डेस्कटॉप रिकामा होता. रायबंदरच्या धक्क्यावरून काढलेला चोडणच्या फेरीबोटीचा फोटो मी तिथे कित्येक वर्षांपूर्वी लावला होता, पण ती बोट अख्खी अशी मी आजच पाहिली. वर डावीकडे एकच पिवळे फोल्डर उरले होते आणि त्याचे नाव होते ‘अडगळ’. मला वाचायला सोपे जावे म्हणून त्याने ते मुद्दाम मराठीत लिहिले होते.

एकही फाइल हरवलेली नाही, सगळ्या त्या फोल्डरात आहेत. खरे तर फाइल इकडून तिकडे हलवल्याने डिस्कवर तसूभरही जागा होत नाही, आणि सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली ती त्याने रीसायकल बिन रिकामी केली आणि लग्नांचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर नेले म्हणून. (256 जीबी म्हणून विकत घेतलेली डिस्क यंत्र 238 दाखवते, कारण विकणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज 1024 च्या, दुकानदाराशी यावरून मी एकदा भांडलेही आहे.) मग ‘अडगळ’ या एका शब्दाने मला इतके का टोचावे? निखिल म्हणाला की हल्ली फाइल कुठे ठेवली आहे हे लक्षात ठेवावे लागत नाही, काकी, नाव टाकून शोध घेतला की सापडते. मी त्याला हो म्हटले.

पण संध्याकाळी शोध घेऊन पाहिला आणि नाटकाची संहिता सापडली नाही. ती ह्यांनी 2004 च्या पावसाळ्यात टंकली होती, वीज जाईल म्हणून दर दोन ओळींनी जतन करत. त्याविषयी आज लिहीत नाही. तेव्हा आमच्याकडे युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवण्याची पद्धत, नव्हते. त्या वेळच्या टंकांत, म्हणजे फॉन्टांत, फाइलमध्ये खरोखर साठवली जात ती रोमन अक्षरांची चिन्हे, आणि त्यांच्या जागी देवनागरीची रूपे दाखवण्याचे काम टंक करत असे. त्यामुळे मी आज ‘अंक दुसरा’ असे कितीही वेळा लिहून शोधले, तरी यंत्राच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये तसे काही लिहिलेलेच नाही. मला ती फाइल नावाने कधीच ठाऊक नव्हती, ती फेरीबोटीच्या टपावर असायची एवढेच ठाऊक होते.

म्हणजे मला लागले ते नाव होते की ती जागा? माटोळीची चौकटही वर्षभर माळ्यावर धूळ खाते. वर्षातून एकदा तिला नारळ, सुपारी, आंबाडे, तोरिंजन बांधले जाते, एरवी तिच्याकडे कोणी बघतही नाही, पण तिला अडगळ म्हणण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही. हा युक्तिवाद मला फार आवडला आणि तो निखिलला कसा ऐकवायचा याची मनात जुळवाजुळवही केली. फोल्डरावर एफ 2 दाबून ‘माळा’ असे नवे नावही देऊन टाकले.

मग संहितेसाठी ते फोल्डर उघडले आणि वरपासून पाहत गेले. मे महिन्याचे विजेचे बिल सात वेळा उतरवलेले होते, (1) पासून (6) पर्यंत शेपट्या लावून. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालाच्या पाच प्रती होत्या: ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम खरा’ आणि ‘हाच घ्यावा’, त्यांतला समितीपुढे कोणता ठेवला, हे मला आता शपथेवरही सांगता येणार नाही. शुभ सकाळच्या गुलाबांचे चाळीस फोटो होते. एका कापणी यंत्राचे इंग्रजी माहितीपत्रक होते, आणि आमच्याकडे शेत नाही. चहा कधीच निवला होता. एकटीच हसले आणि फोल्डराचे नाव गुपचूप पुन्हा ‘अडगळ’ केले.

संहिता सापडली, तळाकडे, त्या गुलाबांच्या खाली. ती तेवढी उचलून फेरीबोटीच्या टपावर आणून ठेवली आणि उघडून पाहिली. दुसऱ्या अंकातला न पुसलेला जोडशब्द अजून तसाच आहे. ती नीट दिसते कारण तो जुना टंक या यंत्रात अजून आहे. नव्यात तो आपोआप येणार नाही, फॉन्ट्सच्या फोल्डरातून हाताने न्यावा लागेल, हे निखिलच्या लक्षात आलेले नसणार, कारण त्याचा जन्मच 2004 चा. मंगळवारी तो माटोळी बांधायला येईल तेव्हा त्याला आधी ते सांगायचे आहे, आणि मग बिले पुसायला बसवायचे आहे. सहा. एक राहू दे.