कुठली जागा?

मंगळवार, रात्री पावणेबारा

पायथनची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडची तयार गाठोडी, डिस्कवर कुठल्या फोल्डरात असतात ते सांगणारं एक फंक्शन मी आमच्या टूलसाठी लिहिलंय. ते पाहून मुक्ताने दुपारी विचारलं, "ताई, हे फंक्शन जागा सांगतं, पण कुठली? नवीन पॅकेज जाणार ती, की असलेलं पॅकेज जिथे आहे ती?"

"एकच गं," म्हणाले मी. म्हणाले कसली, तोडूनच टाकलं तिला.

एकच नाही. उबुंटू २२.०४ वर ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, बसवलेलं रिक्वेस्ट्स नावाचं पॅकेज आमच्या फंक्शनला सापडेना. मी सिसकॉन्फिगला, म्हणजे पायथनच्या मांडणीची माहिती देणाऱ्या मॉड्यूलला, प्युअरलिब (शुद्ध पायथनची पॅकेजेस बसवायची जागा) विचारलं होतं. तिथल्या पायथन ३.१० ने यूएसआर-लोकलखालचं डिस्ट-पॅकेजेस फोल्डर दाखवलं. ते चूकही नाही, सुडोने रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य यूझरचे, अधिकार घेऊन पिप (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) चालवलं असतं तर पॅकेज तिथेच गेलं असतं. पण ॲप्टचं सामान यूएसआर-लिबखालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतं. सिस-पाथवर, म्हणजे इम्पोर्ट करताना पायथन ज्या फोल्डरांत शोधतो त्या यादीत, दोन्ही आहेत. मी एकीकडेच पाहून "नाही" सांगितलं, तेही किती ठामपणे.

तो ठामपणाच खुपतोय. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं, डिस्टयुटिल्स हे पॅकेजेस बांधण्या-बसवण्याचं जुनं साधन त्यातून गेलं, तेव्हा त्यातली जुनी फंक्शनं आमच्या कोडमधून मीच एकटीने उपसून काढली. रविवार गेले. कुणाला आठवतही नाही. आणि आता चूक दाखवायला मात्र... जाऊ दे. चूक दाखवली नाही तिने, नुसतं विचारलं. मला का लागलं इतकं?

कारण मला माहीत होतं. शुद्ध पायथनसाठी प्युअरलिब आणि कंपाइल केलेल्यासाठी प्लॅटलिब अशी दोन नावं मुळातच आहेत. फेडोराच्या ६४ बिट यंत्रावर शुद्ध पायथनचं पॅकेज लिबमध्ये जातं, कंपाइल केलेलं लिब६४ मध्ये. पायथन २.६ पासून प्रत्येक यूझरचं स्वतःचं साइट-पॅकेजेस फोल्डर आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे एका कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनचं, घर आणखी वेगळं. हे सगळं माहीत असून मी फंक्शनला एकवचनी नाव दिलं आणि त्यातून एकच स्ट्रिंग परत केली.

फॉर्मवर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने असतात. बाबांची पत्रं अजून जुन्या घरी येतात. ते बदलायचं राहिलंय.

जेवण झाल्यावर पुन्हा बसले. आता दोन फंक्शनं केली आहेत. पहिलं 'कुठे बसवू' विचारतं आणि उत्तर सिसकॉन्फिगकडून घेतं. दुसरं पॅकेजचं नाव घेऊन 'हे कुठे आहे' विचारतं. ते फोल्डरची वाट स्वतः रचत नाही, बसवलेल्या पॅकेजेसची माहिती देणाऱ्या इम्पोर्टलिब-मेटाडेटाकडून सिस-पाथवर शोध घेतं. आणि दोन्हींना आधी सांगावं लागतं की कुठल्या पायथनबद्दल विचारतोय. आमचं टूल एरवी स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतं, त्यामुळे ते स्वतःचाच पत्ता सांगून मोकळं होई. आता ज्या पायथनबद्दल प्रश्न, तोच पायथन चालवून त्यालाच विचारायचं.

लिहिता लिहिता जरा हलकं वाटलं. एवढ्या जागा कुणा एकाच्या हट्टाने झालेल्या नाहीत. ॲप्टच्या फायलींवर पिपचा हात पडू नये, रूटचे अधिकार नसलेल्यालाही काही बसवता यावं, अशा एकेका गरजेने त्या वाढल्या. त्या सगळ्या एका ओळीत मावतील असं मला वाटलं, तर वाटलं. मावत नाहीत.

पॅकेज सापडलंच नाही तर नन (पायथनचं 'काहीच नाही') द्यायचं की एरर, हे अजून ठरत नाहीये. सकाळी मुक्ताला विचारते. त्याआधी दुपारचं बोलायचं आहे तिच्याशी.