तेरा वर्षांचे करार आणि सातबाऱ्यावरचा बोजा

माझा भाचा नोकरीनिमित्त मिनेसोटात राहतो आणि त्याच्यामुळे गेली काही वर्षे मी सेलूला बसून आइस हॉकी पाहतो. तिकडचा संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे सामना आणि पहिला चहा बरोबरच होतात. खेळाचे बारकावे मला उशिरा कळले. पण आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेल्यामुळे ‘मिनेसोटा वाइल्ड’ या संघाच्या वेतनाचे आकडे मात्र लगेच डोळ्यांत भरले.

मालक आणि खेळाडू यांच्या वादात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला आणि त्यानंतर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगने प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. या मर्यादेत त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेला पगार मोजला जात नाही, तर संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी मोजली जाते. त्यामुळे कराराच्या शेवटी अगदी कमी पगाराची चार-पाच वर्षे जोडली की सरासरी खाली येते आणि आज दुसऱ्या खेळाडूसाठी जागा मोकळी होते. न्यू जर्सीच्या संघाने २०१० मध्ये इल्या कोवालचुक या खेळाडूशी केलेला १७ वर्षांचा करार लीगने याच कारणावरून नाकारला आणि लवादानेही तो निर्णय उचलून धरला. मात्र त्यानंतर १५ वर्षांचा करार मान्य झालाच.

वाइल्डने ४ जुलै २०१२ रोजी झॅक परिसे आणि रायन सूटर या खेळाडूंशी प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार केले. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी १ कोटी २० लाख, शेवटच्या दोन वर्षांत अवघे १० लाख. सरासरी ७५ लाख ३८ हजार. पुढच्याच वर्षी, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०१३ च्या करारनाम्याने कराराची कमाल मुदत स्वतःच्या खेळाडूसाठी ८ आणि बाहेरच्यासाठी ७ वर्षांवर आणली, आणि जुन्या करारांतून मिळालेली सवलत खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाल्यास वसूल करण्याची तरतूद केली. असाच लांबलचक करार असलेला गोलरक्षक रोबर्टो लुओंगो व्हँकुव्हरच्या संघाने २०१४ मध्ये दुसऱ्या संघाला दिला होता; तो २०१९ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा व्हँकुव्हरच्या मर्यादेतून तीन हंगाम दरवर्षी सुमारे ३० लाख डॉलर कापले गेले.

वाइल्डने जुलै २०२१ मध्ये दोघांचेही करार बायआउट केले, म्हणजे ठरावीक रक्कम देऊन मुदतीआधीच मोडले. उरलेल्या चार वर्षांच्या एक कोटी पगाराचे दोन तृतीयांश आठ वर्षांत द्यायचे, म्हणजे प्रत्येकाला वर्षाला सव्वाआठ लाखांच्या आसपास. रोख रक्कम एवढीच. परंतु मर्यादेच्या खात्यात सरासरी आणि त्या वर्षीचा मूळ पगार यांतला फरकही धरला जातो. २०२३-२४ साठी ७५ लाख ३८ हजारांतून १० लाख वजा करा, ८ लाख ३३ हजार मिळवा आणि दुप्पट करा. हे गणित मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने दोनदा करून पाहिले. उत्तर सुमारे १ कोटी ४७ लाख येते. २०२३-२४ मध्ये ८ कोटी ३५ लाखांच्या मर्यादेतला सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग संघात नसलेल्या दोन माणसांनी व्यापला होता, आणि पुढच्या हंगामातही रक्कम तेवढीच राहिली.

आमच्या आजोबांनी विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात अनेक वर्षे होता. आजोबा गेल्यावर हप्ते वडिलांनी फेडले. मिनेसोटाचा हिशेब पाहताना मला तोच रकाना आठवतो, कारण करार तेव्हाचे संघव्यवस्थापक चक फ्लेचर यांनी केले आणि ते मोडण्याची वेळ नंतरचे व्यवस्थापक बिल गेरिन यांच्यावर आली. खरी झळ तर केव्हिन फियालाला बसली. २०२१-२२ मध्ये ८५ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवलेल्या या खेळाडूला ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्याला लॉस एंजेलिसला द्यावे लागले. तिथे त्याला वर्षाला ७८ लाख ७५ हजार मिळाले. बदल्यात आलेला ब्रॉक फेबर उत्तम बचावपटू निघाला हे खरे, परंतु ज्या करारावर फियालाची सही नव्हती त्यापायी त्याला संघ सोडावा लागला, हे मला अजूनही अन्यायाचे वाटते.

भाच्याशी माझा वाद याच मुद्द्यावर होतो. त्याच्या मते परिसे आणि सूटर यांनी सुरुवातीच्या वर्षांत संघाला उभे केले, त्यामुळे किंमत रास्त होती. माझे म्हणणे असे की किंमत २०१२ च्या संघाने ठरवली आणि २०२३ च्या संघाने मोजली. किरील काप्रिझोव्हचा वर्षाला १ कोटी ७० लाखांचा आठ वर्षांचा नवा करार २०२६-२७ पासून सुरू होत आहे, आणि त्याच्या ओळीच्या खाली परिसे-सूटर यांच्या रोख हप्त्यांचे वर्षाला १६ लाख ६७ हजार २०२८-२९ पर्यंत लिहिलेलेच आहेत.